पहिला पूर कोणाच्या वाट्याचा?

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक चौकट रोज छापून येते. सात तलावांची नावं, प्रत्येकापुढे पाण्याची पातळी, आणि खाली एकूण साठा टक्क्यांत. तुळशी भरला, विहार भरला, मोडकसागर ओसंडून वाहू लागला, की लोकलमध्ये अनोळखी माणसंही एकमेकांना सांगतात, चला, पाणीकपात टळली. ही सातही नावं तलाव म्हणून आपल्या डोक्यात बसली आहेत. खरं तर सातही धरणं आहेत, आणि धरण म्हटलं की नदी आलीच. पण मुंबईची नदी कुठली असं विचारलं, तर बहुतेक जण मिठीचं नाव घेतील. २६ जुलै २००५ नं ते नाव सगळ्यांकडून पाठ करून घेतलं आहे.

चौकटीतलेच आकडे घेऊन थोडा हिशेब करू. सातही धरणं काठोकाठ भरली, तर त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावतं. म्हणजे साधारण ५१ टीएमसी (अब्ज घनफूट), एकट्या कोयनेच्या निम्मं. शहराला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी दिलं जातं. भागाकार केला तर भरलेली धरणं वर्षभर पुरतात, वर जेमतेम पाच-सहा दिवस. पालिका पावसाकडे डोळे लावून का बसते, ते यात आलं. आता हेच पाणी नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे वाटून पाहू. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर आणि तानसा ही चारही धरणं वैतरणेच्या खोऱ्यात येतात, आणि त्यांत एकूण साठ्याच्या ४८ टक्के पाणी असतं. एकट्या भातसात साडेएकोणपन्नास टक्के, आणि भातसा ही उल्हासच्या खोऱ्यातली नदी. उरलेले अडीच टक्के विहार आणि तुळशीचे. फक्त या दोघांवर भागवायचं ठरवलं, तर आजच्या मुंबईला नऊ दिवस पुरतील.

थोडक्यात, आपल्या नळाला वैतरणा आणि उल्हास या दोन नद्या येतात. दोन्ही सह्याद्रीत उगम पावतात आणि मुंबईच्या उत्तरेला समुद्राला मिळतात.

वैतरणेचा उगम त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर आहे. त्याच डोंगरावर गोदावरीही उगम पावते. गोदावरी पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतरात अरबी समुद्र गाठते. सह्याद्री म्हणजे एका अंगाला आखूड आणि उभं, दुसऱ्या अंगाला लांबलचक आणि मंद उताराचं छप्पर असलेलं घर. आढ्यावर पडलेला थेंब कुठल्या अंगाला ओघळला, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. पाऊसही दोन्ही अंगांना सारखा नाही. नैर्ऋत्येकडून आलेले ढग घाट चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिकला सातशेच्या आसपास.

एवढा पाऊस पडूनही पश्चिमेकडच्या या नद्या होळीच्या सुमारास आटायला लागतात. एक कारण म्हणजे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. दुसरं कारण खडकात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. वाळूसारखं पाणी पिऊन धरून ठेवणं त्याला जमत नाही. जे काही मुरतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मातीच्या पातळ थरात. उतार तीव्र, त्यामुळे बाकीचं पाणी धावत सुटतं. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचा आधार असतो, इथे तसं काही नाही. या नद्यांचा बारमाहीपणा जेवढा होता, तेवढा जंगलाच्या मातीत मुरून झऱ्यांनी हळूहळू परत येणाऱ्या पाण्यावर होता. बाकी डोह असतातच. मे महिन्यात वाहतं पाणी दिसलं नाही, तरी कातळातल्या खोल डोहांत मासे, कासवं, खेकडे तग धरून राहतात आणि पावसाची वाट बघतात.

मोखाडा आणि शहापूरच्या मधल्या खोल दरीतून उतरत वैतरणा वाड्याच्या सखल भागात येते. पिंजाळ, देहर्जा, सूर्या या नद्या तिला जव्हार-विक्रमगडच्या बाजूनं येऊन मिळतात, आणि तानसा अगदी खाली, खाडीच्या भागात. मग विरार ओलांडून डहाणूकडे जाताना रेल्वेच्या पुलावरून दिसते ती रुंद, गढूळ वैतरणा. तोवर ती अर्धी समुद्राचीच झालेली असते. दातिवरे आणि अर्नाळा यांच्या मधून ती बाहेर पडते.

उल्हास लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरांत सुरू होऊन कर्जत, बदलापूर, कल्याण करत येते आणि ठाण्याच्या उत्तरेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. दुसरा फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला. या दोन खाड्या आणि समुद्र यांच्या मधला भूभाग म्हणजे साष्टी. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, सगळं त्यात आलं. मुंबईच्या उपनगरांत राहणारा माणूस उल्हासच्या मुखावरच्या बेटावर राहतो, आणि हे त्याला कोणी कधी सांगितलेलं नसतं. आपल्या पूर्वजांना मात्र या मुखांची किंमत नेमकी ठाऊक होती. वैतरणेच्या तोंडावर अर्नाळ्याचा किल्ला, उल्हासच्या तोंडावर वसईचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा नुसता किल्ला घेतला नव्हता, कल्याणपर्यंतच्या जलमार्गाचा दरवाजा ताब्यात आला होता.

या दोन्ही नद्यांना गंगा-गोदावरीसारखा त्रिभुज प्रदेश नाही. गाळ आणायला त्यांना लांबी पुरत नाही, आणि जो आणतात तो भरती-ओहोटी विस्कटून टाकते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती पाच मीटरच्या आसपास चढते. ते पाणी नदीच्या तोंडातून कित्येक किलोमीटर आत शिरतं आणि सहा तासांनी परत फिरतं. म्हणून इथे नदी संपून समुद्र सुरू होतो अशी रेघ सापडत नाही. मधला सगळा पट्टा खाडीचा. त्यात पाणी कुठे किती खारं, हे ऋतूवर ठरतं. ऑगस्टमध्ये पुराचं गोडं पाणी खारटाला पार तोंडापर्यंत ढकलतं; दिवाळीनंतर नदीचा जोर ओसरतो आणि खारटपणा पायरी पायरीनं वर चढू लागतो.

या चढ-उतारावर खाडीचं सगळं जगणं बेतलेलं आहे. तिवराच्या मुळांना खारं पाणी चालतं, पण बियाणं रुजायच्या दिवसांत थोडं गोडं मिळालं तर रोपं जोमानं येतात, आणि तिवरांची फळं पावसाळ्यातच पाण्यावर तरंगत सुटतात. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पण पिल्लं वाढायला खाडीत आणि तिवरांच्या सावलीत येतात. जिताड्याचंही काहीसं तसंच. तो नदीत आणि खाडीच्या वरच्या भागात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. (जिताडा आधी नर असतो आणि वय वाढल्यावर मादी होतो. एवढा मोठा जिताडा बाजारात आला, तर तो बहुधा ती असते.) बोय मासा दोन्हीकडे ये-जा करतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळं करतात, आणि त्या बिळांमुळे चिखलात हवा खेळती राहते. वसई, अर्नाळा, दातिवरेच्या कोळ्यांची जाळी या सगळ्यावर भरतात. आपल्या नळाचं पाणी आणि बाजारातली कोळंबी एकाच नदीचं देणं आहे. फक्त एकाचं बिल येतं.

नदीच्या वरच्या अंगालाही असाच एक सोहळा असतो. पहिल्या जोरदार पावसात ओढे भरून वाहू लागले, की डोहांत उन्हाळा काढलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेनं चढायला लागतात. भातखाचरांत, ओढ्याच्या उथळ पसरलेल्या पाण्यात जाऊन अंडी घालतात. तिथे मोठे शिकारी मासे नसतात, पाणी कोमट असतं आणि पिल्लांना खायला भरपूर मिळतं. ठाणे-पालघर-रायगडकडे याला वलगण म्हणतात. गावात त्या रात्री कोणी झोपत नाही. बत्त्या घेऊन माणसं ओढ्यावर. शिंगटी, मळ्या, जे सापडेल ते. ही संधी वर्षातून एकदाच येते, आणि माशांनाही तेवढीच. पहिल्या पुराची ती खूण चुकली, की पुढच्या पावसात ती भरून निघत नाही.

आता यात धरणं घालून पाहू. पहिलं विहार, १८६० सालचं, मिठीवर. तुळशी १८७९. मग शहर बेटाबाहेर पडलं आणि १८९२ मध्ये तानसाचं दगडी धरण उभं राहिलं. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर; पालिकेचे अभियंते मोडक यांचं नाव त्याला दिलं. सत्तरच्या दशकात अप्पर वैतरणा, नंतर भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच. शंभर किलोमीटर लांबून पाणी आणायचं, तेही बरंचसं नुसत्या उतारावर, बोगद्यांतून आणि नळांतून, हे अभियांत्रिकीचं काम म्हणून खरोखर थोर आहे. तानसाचं धरण सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलं आणि गाळानं भरून गेलं नाही, याचं मोठं श्रेय मात्र आजूबाजूच्या जंगलाला. ते जंगल म्हणजेच आजचं तानसा अभयारण्य. २०१४ मध्ये तिथे रानपिंगळा सापडला. जग ज्याला नामशेष समजत होतं आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा दिसला, तोच पक्षी.

धरण नदीचं काय करतं, असं विचारलं तर साधं उत्तर येतं की खालची नदी कोरडी पडते. या भागात ते अर्धंच खरं आहे. वैतरणा उन्हाळ्यात तशीही बारीकच होती. आणि भातसाचं तर उलट झालं. भातसाचं मुंबईसाठीचं पाणी धरणातून नळात जात नाही, नदीच्या पात्रातच सोडतात. ते वाहत वाहत पिसे बंधाऱ्याला येतं, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध करतात. म्हणून धरण ते पिसे एवढ्या टप्प्यात भातसा ऐन मे महिन्यात भरून वाहते, पूर्वी कधी वाहत नव्हती तशी. उल्हासचीही अशीच एक गंमत आहे. टाटांच्या भिवपुरी वीज केंद्रातून १९२२ पासून जे पाणी उल्हासमध्ये उतरतं, ते घाटावरच्या आंध्रा नदीचं. अडवलं नसतं तर ते इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आढ्याच्या पलीकडे पडलेला थेंब इकडे ओढून घेतला गेला, आणि बदलापूर-कल्याणची शहरं उन्हाळ्यात त्यावर जगतात.

तेव्हा धरणानं नेमकं काय हिरावलं, याचं माझ्या मते नेमकं उत्तर आहे: पहिला पूर. जूनच्या सुरुवातीला धरणं तळाला गेलेली असतात, साठा दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. जूनमध्ये जे पाणी वरून येतं, ते सगळं आधी हा खड्डा भरतं. मोडकसागर आकारानं लहान, म्हणून तो बऱ्याचदा जुलैतच ओसंडतो. अप्पर वैतरणा भरायला ऑगस्ट उजाडतो. धरण ओसंडेपर्यंत त्याखालच्या नदीला आपल्या डोंगरमाथ्याकडून पूर येतच नाही. पिंजाळ, देहर्जा, गारगाई आपापलं पाणी घेऊन येतात, म्हणून खाडीला पावसाळा कळतो तरी. पण मुख्य नदीची हाक उशिरा येते आणि हलकी येते. ज्या दिवसांत मासे चढायचे, तिवराच्या बिया रुजायच्या, खारं पाणी मागे हटायचं, नेमक्या त्याच दिवसांत आपण दाराला कडी घातलेली असते. नंतर दरवाजे उघडतात तेव्हा पाणी एकदम सुटतं, सावधानतेचे भोंगे वाजतात, पण ती खूण ओळखणाऱ्या जीवांचा मोसम सरलेला असतो. वर चढू पाहणाऱ्या माशाला शंभर मीटरची भिंत कधीच ओलांडता येत नाही, ते वेगळंच.

मिठीच्या बाबतीत हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीच घडून गेलं. जेमतेम अठरा किलोमीटरची नदी. तिचं डोकं विहारनं अडवलं, पाठोपाठ पवई तलाव झाला. पाऊस संपल्यावर खाली उरायला स्वतःचं पाणीच राहिलं नाही, आणि ती जागा सांडपाण्यानं भरून काढली. मिठी नाला झाली असं आपण म्हणतो, पण तिचं गोडं पाणी आधी काढून घेतलं होतं, हे त्या वाक्यात येत नाही.

गाळाची गोष्टही पाण्यासोबतच चालते. नदी वाळू आणि गाळ आणते, खाडीचा तळ आणि किनारा त्यानं भरत राहतो. धरणामागे वाळू अडते. उरली ती वैतरणा आणि उल्हासच्या खाड्यांतून रेती उपसणाऱ्यांनी काढली, पूर्वी डुबी मारून, नंतर सक्शन पंपांनी. मुंबईतल्या इमारतींत या खाड्यांची रेती कुठवर आहे, कोण मोजणार. वैतरणेच्या रेल्वे पुलाच्या पायाला या उपशानं धोका होतो म्हणून आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे विषय बातम्यांत आला. वर नवीन वाळू येत नाही, खालची काढून नेली जाते, मग लाट किनारा खाते. अर्नाळ्याच्या बाजूला समुद्र आत येतोय, त्यामागचं हेही एक कारण.

ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो बघून मात्र माणूस गोंधळतो. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं, हिवाळ्यापासून पावसापर्यंत चिखलावर गुलाबी गर्दी. मग खाडी चांगलीच आहे की! गोड्या पाण्याचा ओघ कमी आणि सांडपाणी जास्त, अशा ठिकाणी शेवाळ फोफावतं आणि फ्लेमिंगोंना तेच लागतं, असं अभ्यासक सांगतात. एका पक्ष्याला मानवलं म्हणजे खाडीला मानवलं असं नसतं. तिथल्या जुन्या कोळ्यांना विचारलं तर ते पक्ष्यांची संख्या सांगत नाहीत, गेलेल्या माशांची नावं सांगतात.

आणि धरणांच्या काठची माणसं? शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर शेजारी. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. मोखाड्यातही. पाणी दरीत साठतं आणि पाडे डोंगरमाथ्यावर, वर पंप करायला पैसा आणि वीज लागते, हे तांत्रिक उत्तर झालं. ज्या ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या डोक्यावरून तीन-तीन हात व्यासाचे नळ मुंबईला जातात, त्यांना ते उत्तर किती वेळा ऐकवणार?

मागणी वाढतेच आहे. सूर्या नदीचं रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी ठरलं. मुंबईसाठी गारगाईवर धरण प्रस्तावित आहे, रोज ४४० दशलक्ष लिटरचं, आणि त्यासाठी तानसा अभयारण्याचा भाग पाण्याखाली जाईल. त्यापुढे पिंजाळ, आणि दमणगंगा-पिंजाळ जोड. म्हणजे मुख्य नदी अडवल्यावर ज्या उपनद्या आजवर खाडीला पहिला पूर पोचवत होत्या, आता त्यांच्यावर नजर आहे. या प्रकल्पांच्या चर्चेत झाडं किती कापणार आणि गावं किती उठणार हे प्रश्न निदान विचारले जातात. जूनमध्ये किती पाणी खाली सोडणार, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. उत्तर देणं अवघड नाही. पहिल्या दोन-तीन पुरांतलं ठरावीक पाणी न अडवता जाऊ द्यायचं, अशी अट धरणाच्या आराखड्यात घालता येते.

त्याची किंमत साठ्यातून द्यावी लागेल, हेही उघड आहे. मग तेवढं पाणी दुसरीकडून कुठून आणायचं? मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा रोज २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प पालिकेनं आखला आहे. तो विजेवर चालणार आणि महाग पडणार. मला जास्त रस आहे तो दुसऱ्या आकड्यात. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे सांडपाणी शुद्ध करणारी सात नवी केंद्रं बांधण्याचं काम चाललं आहे. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर, म्हणजे गारगाईच्या साडेपाचपट. यातलं कितीसं पाणी बांधकामांना, बागांना, कारखान्यांना, रेल्वेचे डबे धुवायला वळवतात आणि कितीसं शुद्ध करून पुन्हा समुद्रात सोडून देतात, यावर गारगाईची गरज किती ते ठरेल.